आकडा तेरा: बागेतल्या कचऱ्यात मेटल डिटेक्टर ऐकायला कसं शिकायचं

स्क्रीनवर १३ हा आकडा येतो. खाली पाच सेंटचं नाणं असेल, पन्नास वर्षांपूर्वीच्या बिअरच्या कॅनची कडी असेल, नाही तर कुणाच्या बोटातून निसटलेली सोन्याची अंगठीही असेल. तिघांनाही यंत्र तोच आकडा देऊ शकतं. मेटल डिटेक्टरबद्दल एवढी एक गोष्ट नीट डोक्यात बसली की निम्मं शिक्षण झालं, असं माझं मत आहे. उरलेलं निम्मं गुडघे टेकून, हातात खुरपं धरून होतं.

मी लिहितोय ते अमेरिकेतल्या शहरी बागांबद्दल, कारण मी इथे राहतो आणि हा छंदही मुळात इकडचा आणि ब्रिटनमधला. समुद्रकिनाऱ्यावर किंवा शेतात डिटेक्टर चालवणं त्यामानाने सोपं. शहरातली जुनी पार्क म्हणजे शंभर वर्षांच्या सहलींचं, मॅचेसचं आणि बार्बेक्यूचं साठलेलं उष्टंखरकटं. नवं यंत्र घेऊन माणूस तिथे पोचतो, बटण दाबतो, आणि यंत्र जे बोंबलायला लागतं ते थांबतच नाही. पाऊलभर जागेत चार-पाच आवाज. संध्याकाळी पिशवीत काय, तर फॉइलचे गोळे, गंजके खिळे आणि गवत कापायच्या मशिनने चिंध्या केलेले कॅन. त्यानंतर बरीच यंत्रं माळ्यावर जातात.

माळ्यावर जाण्याआधी त्याच्या पोटात काय चालतं ते बघू.

काठीच्या टोकाला जी थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून यंत्र उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह सोडतं, सेकंदाला काही हजार ते काही दहा-हजार वेळा दिशा बदलणारा. त्यामुळे कॉइलभोवती तितक्याच वेगाने दिशा पालटणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जमिनीत उतरतं. दुसरं वेटोळं ऐकायचं काम करतं. ते अशा बेताने बसवलेलं असतं की पहिल्याच्या क्षेत्राचा त्याच्यावर परिणाम जवळजवळ शून्य. जमिनीत धातू आला की त्या धातूत छोटे भोवरा प्रवाह फिरायला लागतात, ते स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, आणि दुसऱ्या वेटोळ्याचा तो नाजूक तोल ढळतो. तोल ढळला की आवाज.

आता आकडा कुठून येतो? धातूतला भोवरा प्रवाह लगेच विझत नाही, तो किंचित रेंगाळतो. पातळ फॉइलमध्ये तो उठतो न उठतो तोच विरतो. चांदीच्या जाड नाण्यात तो बराच टिकून राहतो. झोपाळ्याला धक्का द्यावा आणि रिकामा झोपाळा लवकर थांबावा, जाडजूड काका बसलेला उशिरा, तसा प्रकार. यंत्र हा उशीर मोजतं आणि त्याचा एक आकडा करून दाखवतं. मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० वर ही पट्टी उणे ९ ते ४० अशी आहे. गॅरेटच्या बऱ्याच यंत्रांवर ० ते ९९. लोखंड तळाला, फॉइल त्याच्या वर, मग पाच सेंट, मग कॅनच्या कड्या, जस्ताचा पेनी (म्हणजे एक सेंट), तांब्याचा पेनी आणि दहा सेंटची डाइम, आणि सगळ्यात वर पंचवीस सेंटचं क्वार्टर, चांदीचा डॉलर वगैरे.

नीट बघा, या सगळ्यात यंत्राने 'हा धातू कोणता' असा प्रश्न कुठेच विचारलेला नाही. त्याने फक्त उशीर मोजला. हा उशीर धातूवर अवलंबून असतो, पण तेवढाच जाडीवर, आकारावर, आणि वस्तू आडवी पडलीय की उभी यावरही. म्हणून चेपलेला अख्खा कॅन चांदीच्या नाण्याच्या घरात जाऊन बसतो, आणि बारीक सोन्याची रिंग फॉइलच्या घरात. ॲल्युमिनियम हा तसा चांगला सुवाहक धातू. त्याचा तुकडा योग्य मापाचा असला की तो कुठल्याही नाण्याची हुबेहूब नक्कल करतो. बागेत सगळ्या मापांचे तुकडे असतात, कारण गवत कापायचं मशिन कॅन कापताना मापाचा विचार करत नाही.

या कडीचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण निम्मी डोकेदुखी तिथून सुरू होते. १९५९ मध्ये ओहायोतल्या डेटनचा अर्मल फ्रेझ नावाचा माणूस पिकनिकला गेला, ओपनर घरी राहिला, आणि त्याने गाडीच्या बंपरवर कॅन फोडला, अशी गोष्ट सांगतात. त्यातून त्याने ओढून उघडायच्या झाकणाची युक्ती काढली. १९६२ मध्ये पिट्सबर्गची आयर्न सिटी बिअर तसल्या कॅनमधून विकायला आली आणि १९६३ मध्ये फ्रेझला पेटंट मिळालं. युक्ती झकास, फक्त कडी पूर्ण निघून हातात यायची. लोक ती फेकायचे. गवतात, वाळूत, पार्किंगमध्ये. अनवाणी पायांना कापायच्या. काही जण ती कॅनमध्येच टाकायचे आणि पिता पिता गिळायचे. १९७५ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनियल कडझिकने कॅनलाच चिकटून राहणारी पट्टी काढली आणि हा प्रकार हळूहळू थांबला. पण मधल्या दीड दशकात पडलेल्या कड्या आजही तिथेच आहेत. ॲल्युमिनियम गंजून संपत नाही.

या जुन्या कडीला एक जिभेसारखं शेपूट असतं. शेपूट सरळ असेल तर एक आकडा, कडीवर दुमडलेलं असेल तर दुसरा, तुटून वेगळं पडलेलं असेल तर तिसरा. इक्विनॉक्सवर साधारण ११ ते १७ च्या घरात कुठेही. आणि पाच सेंटची निकेल येते १२-१३ वर.

अंगठ्या? त्याच भागात, आणि त्याच्या खाली-वरही. अमेरिकेत अंगठी बहुतेक वेळा १४ कॅरटची, म्हणजे ५८ टक्क्यांच्या आसपास सोनं, बाकी तांबं, चांदी, कधी निकेल धातू. सोनं स्वतः उत्तम सुवाहक, पण मिश्रधातू केला की त्याची ही शक्ती बरीच घटते. पांढऱ्या सोन्याची तर फारच. त्यात अंगठी बारीक. म्हणून बायकांची नाजूक अंगठी फॉइलच्या आकड्यांत सापडते, मध्यम अंगठी कड्यांच्या आकड्यांत, आणि जाडजूड पुरुषी अंगठी जस्ताच्या पेनीपर्यंत चढते. आपल्याकडचं २२ कॅरट त्याच मापात थोडं वर वाजतं, कारण त्यात भेसळ कमी. साखळीची गंमत वेगळीच आहे. बारीक साखळी यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. तिच्यातून सलग मोठा भोवरा फिरू शकत नाही. प्रत्येक कडी स्वतंत्र, आणि एकेक कडी तांदळाच्या दाण्याएवढी. यंत्र ओरडलं तर फाशाच्या जागी ओरडतं. मंडळाच्या पिकनिकला कुणाचं मंगळसूत्र गवतात पडलं आणि कुणी डिटेक्टरवाल्याला बोलावलं, तर तो सरासर कॉइल फिरवत निघून जाईल आणि मंगळसूत्र तिथेच राहील, हे अगदी शक्य आहे. तिथे वाट्यांचा बारीक, खालच्या आकड्याचा आवाज शोधावा लागतो, आणि तोही फार सावकाश.

म्हणूनच यंत्रावरचं डिस्क्रिमिनेशनचं बटण नवशिक्याला महागात पडतं. त्या बटणाने पट्टीवरचा हवा तो भाग मुका करता येतो. कड्यांचा त्रास होतोय? ११ ते १७ बंद. फॉइल नको? १ ते १० बंद. शांतता पसरते, माणूस खूश होतो. पण त्या शांततेत सगळी निकेल गेली आणि बागेतलं बहुतेक सगळं सोनंही गेलं. उरलं काय, तर पेनी, डाइम आणि क्वार्टर, ज्यांच्यामागे गेली पन्नास वर्षं प्रत्येक जण लागलेला आहे. फक्त चांदीची नाणी हवी असतील तर हा सौदा वाईट नाही, हेही सांगतो. १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी असायची, १९६५ पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा मुलामा आला, आणि चांदीची जुनी नाणी लोकांनी भराभर चलनातून काढून घरात ठेवली. ज्यांना तेवढंच शोधायचंय ते वरचे आकडे तेवढे खणतात. पण ही निवड झाली, शिकणं नव्हे.

लोखंड मुकं करायला माझी तितकीशी हरकत नाही. तरी पहिले काही आठवडे तेही चालू ठेवावं, फक्त त्याला खालचा घोगरा सूर लावावा. कारण लोखंड खोटं बोलतं, आणि ते कसं खोटं बोलतं ते कानाला कळावं लागतं.

बाटलीचा बिल्ला घ्या. सोड्याच्या, बिअरच्या बाटलीचा दातेरी बिल्ला पोलादी पत्र्याचा असतो. पोलादाला चुंबक ओढून घेतं, म्हणजे ते कॉइलचं क्षेत्र स्वतःकडे वळवतं. पण तो चपटा गोल पत्रा असल्याने त्यात भोवरा प्रवाहही मजेत फिरतात. एकाच वस्तूकडून दोन उलट साक्षी. यंत्र गोंधळतं आणि कधीकधी चक्क क्वार्टरचा आकडा दाखवतं. मोठा गंजका खिळा वाकलेला असला तर तोही हेच करतो. बऱ्याच नव्या यंत्रांत 'आयर्न बायस' नावाची सेटिंग असते. ती वाढवली की असल्या संशयितांना यंत्र लोखंडात ढकलतं. पण मग लोखंडाशेजारी पडलेलं खरं नाणंही त्याच रांगेत ढकललं जातं. त्यापेक्षा कान बरा. बिल्ल्यावरून कॉइल नेली की आकडा उड्या मारतो: २२, २८, १९, परत २६. सुराच्या कडेला बारीक खरखर असते. कॉइल हळूहळू मागे ओढत वस्तू कॉइलच्या टोकाखाली आणली की वरचा सूर तुटून लोखंडाचा घोगरा सूर उरतो. नाण्याचा सूर असा तुटत नाही. तो गोल येतो, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि तुम्ही जागेवर नव्वद अंश फिरून आडवं झाडलं तरी तसाच येतो. ही आडवी तपासणी सवयीची करून टाकावी. खिळा एका बाजूने गोड गातो आणि फिरून बघितलं की गप्प होतो.

कचऱ्याचा याहून मोठा त्रास म्हणजे तो शेजाऱ्याला झाकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बागेतलं नाहीच. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यासाठी दोन वेटोळ्यांचं यंत्र बनवलं. तत्त्व आजच्या डिटेक्टरचंच. इतर माणसांवर ते चाललं. अध्यक्षांवर चाललं नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी सिग्नल बिघडवला, असं मानतात. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजवीकडेच असल्याची इतकी खात्री होती की त्यांनी उजवीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. बागेतल्या नवशिक्याच्या दोन्ही अडचणी यात आल्या: भोवतालचं लोखंड, आणि 'इथे काही नसणार' ही आधीच करून ठेवलेली खात्री.

बागेत हे असं घडतं. अकरा इंची कॉइल एका वेळी ताटाएवढी जमीन बघते. त्या ताटात एक खिळा, एक फॉइलचा गोळा आणि एक डाइम असेल तर यंत्राला तिघांची मिळून एक खिचडी ऐकू येते, आणि खिचडीत लोखंडाचं वजन जास्त पडतं. उपाय दोन. एक, लहान कॉइल. सहा इंची कॉइल खोल बघत नाही, पण दोन वस्तूंच्या मधल्या फटीत डोकावते. कचऱ्याच्या बागेत खोलीचा हव्यास सोडलेला बरा; चार-पाच इंचांत जे आहे तेच अजून लोकांनी काढलेलं नाही. दोन, 'रिकव्हरी स्पीड', म्हणजे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे यंत्र किती चटकन मोकळं होतं ते. हा वेग वाढवला की सूर तोकडे आणि टोकदार होतात, पण लागून असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. त्याबरोबर संवेदनशीलता थोडी कमी करावी. ती शेवटपर्यंत चढवलेली असली की यंत्र विजेच्या तारा, वायफाय, शेजारच्या घरातला डिमर, सगळ्यांशी गप्पा मारतं.

याची घरगुती शिकवणी फुकट आहे. घरात नको, तिथे भिंतीत तारा आणि फरशीत सळ्या असतात. अंगणात किंवा मोकळ्या जागेत आधी कॉइल फिरवून खाली काही नाही याची खात्री करा. मग एक डाइम ठेवा आणि ऐका. तिच्याशेजारी चार बोटांवर एक खिळा ठेवा. ऐका. खिळा दोन बोटांवर आणा. मग नाण्याला चिकटवा. सूर कसा आखडतो, एका बाजूने कसा टिकतो आणि दुसऱ्या बाजूने कसा गिळला जातो ते ऐका. मग खिळ्याऐवजी कडी. तासाभरात जे कळतं ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. कुणी हरवलेली अंगठी शोधायला बोलावलं तरी हीच युक्ती: तशीच दुसरी अंगठी मागून घ्यायची, गवतावर ठेवायची, तिचा आकडा आणि सूर कानात भरून घ्यायचा, आणि मग शोधाला लागायचं.

आता प्रत्यक्ष बाग. माझा आग्रह असा की आख्खी पार्क पालथी घालू नये. एका झाडाखालचा किंवा बाकड्यामागचा छोटा चौकोन घ्यावा, खोलीएवढा, आणि त्यात लोखंडाच्या वरचं जे जे वाजेल ते ते खणावं. आकडा बघून मनात बोलायचं, 'ही कडी', आणि मग काढून बघायचं. खरं ठरलं तर कान पक्का होतो, खोटं ठरलं तर आणखी पक्का होतो. शिवाय कचरा निघाला की त्याने झाकलेलं खालचं उघडं पडतं. त्याच चौकोनात दुसऱ्या दिवशी, आडव्या दिशेने फिरलं तर काल मुकी असलेली जागा बोलते. कडी खणण्यात वेळ वाया गेला असं म्हणणारे मला पटत नाहीत. त्या कडीनेच तर तो आवाज शिकवला.

कॉइल कशी फिरवायची याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती सगळे चुकतात. झाडू मारताना हात शेवटी वर उचलला जातो, तसा इथे उचलायचा नाही. कॉइल कडेपासून कडेपर्यंत जमिनीला समांतर, गवताला टेकेल इतकी खाली, आणि पुढची फेरी मागच्या फेरीवर अर्धी चढलेली. वेग म्हणाल तर इतका सावकाश की रस्त्यावरून जाणाऱ्याला कंटाळा यावा. हेडफोन हवाच. रहदारीच्या आवाजात दुरून ऐकू येणारा खोल, मऊ सूर हरवतो, आणि बागेतल्या बाकीच्यांनाही तुमची पिपाणी ऐकायची नसते.

एक खणणं जवळून बघू. १३ चा आकडा आहे, कधी १२, कधी १४. आडवं फिरूनही टिकतो. पिनपॉइंटचं बटण दाबून कॉइल पुढे-मागे केली की आवाज सगळ्यात मोठा कुठे होतो ते कळतं, आणि वस्तू किती लांबरुंद आहे याचाही अंदाज येतो. अख्खा कॅन असेल तर आवाज कॉइलभर पसरतो. इथे तो एका बिंदूवर येतो. आता धारदार हातखुरप्याने गवतात तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची, आणि ढलपी उलटायची. सगळी मुळं तुटत नाहीत, गवत मरत नाही. माती शेजारी पसरलेल्या फडक्यावर काढायची, गवतात नाही. पिनपॉइंटर म्हणजे गाजराएवढी हातात धरायची काठी. ती खड्ड्याच्या भिंतींना लावत जायचं. आधी ढलपी तपासायची, कारण वस्तू बरेचदा तिलाच चिकटून येते. इथे खड्ड्याच्या डाव्या भिंतीत थरथरतं. बोटाने माती सारली की राखाडी, पातळ, वळलेली कड दिसते. शेपूट दुमडलेली कडी. फडक्यावरची माती परत, ढलपी बसवून पायाने दाबायची, कडी कचऱ्याच्या कप्प्यात. खड्डा परत तपासायचा, कारण कडीखाली आणखी काही असू शकतं. हे शेवटचं पाऊल लोक गाळतात.

हातमोजे घालाच. शहरी बागेत काचा असतात, आणि इंजेक्शनच्या सुयाही. फवाऱ्यांचे पाइप आणि दिव्यांच्या तारा बऱ्याच ठिकाणी अगदी वर असतात. लांब सरळ रेषेत सतत वाजत गेलं तर तिथे खुरपं लावू नये. कडक उन्हाळ्यात, गवत पिवळं पडलेलं असताना ढलप्या उलटल्या तर त्या मरतात आणि तुमच्या नावाने बागेवर डाग उठतात. पावसानंतरचे दिवस उत्तम.

जागेचाही इतिहास बघून घ्यावा. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सची फ्लशिंग मेडोज पार्क १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी कोळशाच्या राखेच्या प्रचंड उकिरड्यावर उभी राहिली. असल्या भरावाच्या जमिनीत जळका कोळसा आणि राखेची ढेकळंही यंत्राला वाजतात, कारण तीही थोडीफार वीज वाहून नेतात. जमीन भराव घालून उंचवलेली असेल तर वरच्या फूटभर मातीत फक्त नंतरच्या काळाचा माल मिळणार. उलट एखाद्या साध्या, दुर्लक्षित टेकडीवर, जिथे पिढ्यान् पिढ्या पोरं बर्फात घसरगुंडी खेळली, तिथे हातमोजे काढताना गळालेल्या अंगठ्या मिळायची शक्यता जास्त.

परवानगी हा भाग कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. अमेरिकेत नॅशनल पार्कच्या हद्दीत डिटेक्टर नुसता वापरायलाच नव्हे, जवळ वापरण्याजोग्या अवस्थेत बाळगायलाही बंदी आहे. शहरांच्या बागा शहरांच्या ताब्यात, आणि प्रत्येक शहराचा नियम वेगळा. न्यूयॉर्क शहराचा पार्क विभाग परमिट देतो, पण सगळ्या बागांसाठी नाही. काही ठिकाणी यंत्र चालतं, खणणं चालत नाही. फोन करून विचारावं, आणि परमिटची प्रत खिशात ठेवावी. सापडलेली वस्तूही आपोआप आपली होत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार वीस डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची हरवलेली वस्तू सापडली तर दहा दिवसांच्या आत मालकाला परत करायची किंवा पोलिसांकडे जमा करायची. शाळा-कॉलेजच्या अंगठ्यांवर इकडे नाव, वर्ष, आद्याक्षरं कोरलेली असतात. मालक शोधणं बरेचदा जमतं.

हे वाचून पुण्या-नागपुरात कुणी यंत्र मागवायच्या विचारात असेल तर तीन गोष्टी ऐकून घ्या. पहिली, दख्खनची जमीन. काळा बसाल्ट आणि त्याची काळी माती यांत चुंबकीय खनिजं भरपूर. यंत्राला जमीनच एखाद्या मोठ्या धातूसारखी ऐकू येते, आणि 'ग्राउंड बॅलन्स' करून तिचा आवाज वजा केल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. केल्यावरही खोली कमीच मिळते. दुसरी, आपली नाणी. १९९२ पासूनचा छोटा रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. म्हणजे डिटेक्टरच्या लेखी तो बिल्ल्या-खिळ्यांच्या रांगेतला. लोखंड मुकं केलंत तर रुपयाही मुका होऊ शकतो. आणि त्याआधीचे ॲल्युमिनियमचे पैसे, ते कोनाकोनाचे दहा पैसे नि पाच पैसे, बरोबर कड्या-फॉइलच्या टापूत वाजणार.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती सगळ्यात आधी वाचावी अशी. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कधी. वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. न कळवणं हा गुन्हा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणं, कोरीव काम पुरावस्तू ठरतं आणि त्यावर वेगळे निर्बंध येतात. किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं यांच्या आसपास यंत्र घेऊन फिरण्याचा विचारही करू नका. आणि रिकाम्या मैदानात, चाळीच्या मागच्या अंगणात, स्वतःच्या शेतात सराव करायचा असेल तर डाइम नसली तरी चालतं: एक तांब्याचं जुनं नाणं, एक सोड्याचा बिल्ला, एक कॅनची कडी आणि मूठभर खिळे पुरतात.